जुनापाणीची शिळावर्तुळे



नागपूरहून काटोलच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की जुनापाणी लागते. तेथील माळावर काळ्या धोंड्यांची रिंगणे आहेत. एक-दोन नव्हेत, सुमारे तीनशे. घाईने जाणाऱ्यास ती ढोरांच्या जुन्या कोंडवाड्यासारखी वाटतात. जुनी माणसे त्यांचा संबंध गवळ्यांशी लावीत. प्रत्यक्षात ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची दफनस्थाने होत. अभ्यासक त्यांना शिळावर्तुळे म्हणतात.

पाहावयास जाणाऱ्याने एका रिंगणाभोवती सावकाश फिरावे. कडेला धोंडे अर्धे गाडलेले, आतील जागा गोटे व माती भरून किंचित उचललेली. काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने दिसतील. ते पावसाने पडलेले नाहीत, माणसाने ठोकून केलेले आहेत. असे धोंडे ठराविक दिशांना बसविलेले असावेत व त्यांचा आकाशातील ज्योतींशी संबंध असावा, असा काही संशोधकांचा कयास आहे.

या वर्तुळांविषयी रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली लेख प्रसिद्ध केला. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या थापर यांनी येथील तीन वर्तुळे खणली. जवळच्याच माहूरझरीस डॉ. शां. भा. देव यांनी १९७० नंतर नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केले. तेथे काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारे, रंगीत दगडांचे मणी निघाले. माणसाबरोबर घोडाही पुरलेला आढळला, आणि त्या घोड्याच्या तोंडावर घालावयाचे तांब्याचे दागिनेसुद्धा! पोळ्याला बैल सजविणाऱ्या आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये. पारशिवनी तालुक्यात नाईकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे ही माणसे रानटी नव्हती. कसबी होती, आणि मेलेल्याला रिकाम्या हाताने पाठवीत नव्हती.

आता अडचणीची गोष्ट. विदर्भात अशी रिंगणे पुष्कळ ठिकाणी आहेत, आणि सगळीच सरकारी माळावर नाहीत, कित्येक वावरात आहेत. धुऱ्याला दगड लागला, घराच्या पायाला लागला, की हाताशी असलेला धोंडा उचलला जातो. उचलणाऱ्याच्या मनात पाप नसते. त्याला तो नुसता दगड वाटतो. पण खळग्यांचा धोंडा जागचा हलला की तो कोणत्या दिशेला होता हे कायमचे गेले. पुन्हा आणून ठेवला तरी उपयोग नाही. देवळाचे काम काढताना जुना खांब कोठे होता हे आपण आधी मोजून घेतो, तसाच हा हिशेब आहे.

दुसरे नुकसान गुप्तधनवाल्यांचे. रात्री मध्यभागी खड्डा घेतात, मडकी फोडतात, हाडे उकरतात, आणि हाती गंजलेले लोखंड येते. कायदा मात्र फार जुना आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही पुरलेले सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. (दहा रुपये त्या काळचे, पण आकडा तोच आहे.) जुनापाणीसारखे स्थळ केंद्राने संरक्षित केलेले असते. तेथे मोडतोड केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही व त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते, ही तरतूद २०१० सालची. वावर विकत घेताना सात-बारा पाहतो तसे हेही विचारून घ्यावे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर जावे. पावसाळ्यात रिंगणे गवतात बुडतात. सकाळी लवकर निघावे. ऊन तिरपे असते तोवर खळग्यांत सावली पडते व ते मोजता येतात. दुपारी डोळ्यापुढे असूनही दिसत नाहीत.