बाटली आडवी करावयाची तर आधीं उंबरे झिजवा

(एका गांवीं चावडीपुढें भरलेल्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आपल्या गांवच्या आयाबहिणींनीं दारूचें दुकान उठविण्याचा निश्चय केला आणि आम्हांस चार शब्द बोलण्यास पाचारण केलें, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. आम्ही कोणी मोठे पुढारी नव्हे. आमच्यांत कोणी नांगर धरणारा आहे, कोणी सुतार आहे, कोणी शिंपी आहे, कोणी दुसऱ्याच्या शेतांत खुरपावयास जाणारी बाई आहे. जें काम आपण आज हातीं घेत आहां तें आमच्या गांवीं आम्हीं एकदां केलें आणि तोंडघशीं पडलों. पुन्हां केलें, तेव्हां कोठें तडीस गेलें. म्हणून येथें आम्ही उपदेश करावयास उभे नाहीं. आमच्या पायाला लागलेली ठेंच दाखवावयास उभे आहों. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, असें वाडवडील सांगत आले. पुढचे आम्ही झालों. शहाणे तुम्ही व्हा.

दारू वाईट आहे हें तुम्हांस सांगण्याची गरज नाहीं. ती ज्या घरांत शिरली त्या घरच्या माउलीस तें आमच्याहून अधिक ठाऊक आहे. आम्ही फक्त एक हिशेब मांडतों. मजुरी करून परतणारा गडी वाटेवरच्या दुकानांत रोज शंभर रुपये ठेवून येत असेल, तर वर्षाचे साडेछत्तीस हजार होतात. मग पेरणीच्या तोंडावर बी-खतास पैसा उरत नाहीं, सुताराला नवीं हत्यारें घेतां येत नाहींत, पोरीची शाळा सुटते आणि शेवटीं सावकाराची पायरी चढावी लागते. आपल्या घामाचा पैसा आपल्याच हातानें दुसऱ्याच्या गल्ल्यांत पडतो, आणि घरांत मारहाण होते ती निराळीच.

ही लढाई आजची नव्हे. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना शहरांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं, तेव्हां त्यांनीं १८८० सालीं पालिकेस पत्र लिहून हरकत घेतली. त्या काळीं हरकत घेणें एवढेंच हातीं होतें. आज कायद्यानें त्याहून अधिक कांहीं आपल्या हातीं दिलें आहे. तें काय, हें नीट समजून घ्या.

महाराष्ट्र सरकारच्या २००८ सालच्या आदेशाप्रमाणें, गांवांतील एकूण स्त्री मतदारांपैकीं शेंकडा पंचवीस स्त्रियांनीं सह्या किंवा अंगठे करून मागणी केली, तर राज्य उत्पादन शुल्क खात्यानें त्या सह्यांची पडताळणी करावयाची असते. आणि सह्या खऱ्या ठरल्या कीं गुप्त मतदान घेतलें जातें. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात. एक उभी बाटली, एक आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहूं द्या. आडवी म्हणजे बंद करा. जिला अक्षर वाचतां येत नाहीं तिलाही चित्र वाचतां येतें. एकूण स्त्री मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं आडव्या बाटलीस मत दिलें, कीं परवान्याचें दुकान बंद करावें लागतें.

आतां 'एकूण' या शब्दाकडे लक्ष द्या. सारी मेख तेथेंच आहे. समजा, गांवच्या यादींत ८०० स्त्रिया आहेत. अर्जास २०० सह्या लागतील आणि दुकान उठविण्यास ४०१ मतें लागतील. मतदानास ५०० बाया आल्या. ३९० जणींनीं आडवी बाटली धरली, ११० जणींनीं उभी. आपलीं मतें तिपटीहून अधिक! तरी दुकान चालूच राहील, कारण ४०१ भरलीं नाहींत. ज्या ३०० जणी घरीं राहिल्या त्यांचें न येणें दुकानदाराच्या पदरांत पडलें. भगिनींनो, ही सरपंचाची निवडणूक नव्हे. येथें न आलेली बाई उभ्या बाटलीसच मत देऊन मोकळी होते.

आमची पहिली खेप तर मतदानापर्यंतही पोंचली नाहीं. आम्हीं काय केलें? देवळाच्या आवारांत मोठी सभा भरविली, बाहेरून वक्ते आणले, टाळ्या वाजल्या, घोषणा झाल्या. त्याच गर्दींत कागद फिरविला आणि दोन दिवसांत सह्यांची चवड उभी केली. आम्हांस वाटलें, काम झालें. पडताळणीचा दिवस आला आणि आमचें पितळ उघडें पडलें. कित्येक सह्या अशा बायांच्या होत्या कीं ज्यांचें नांव यादींतच नव्हतें. कोणीं माहेरचें नांव सांगितलें होतें, यादींत सासरचें होतें. कोणाचा अंगठा दोनदां उठला होता. आणि ज्यांच्या सह्या खऱ्या, त्यांतल्या निम्म्या त्या दिवशीं खुरपणीस रानांत गेलेल्या. साहेबांनीं नांव पुकारावें आणि कोणी ओ देऊं नये! चौथा हिस्सा भरला नाहीं. अर्ज निकालांत निघाला, आणि त्या संध्याकाळीं दुकानापुढें फटाके वाजले.

त्या रात्रीं आम्ही एकमेकांस दोष देत बसलों. कोणी म्हणे साहेब फितला, कोणी म्हणे बायाच कच्च्या. पण आमच्यांतील एका म्हातारीनें विचारलें, "बौद्ध वस्तींत तुमच्यांतलें कोण गेलें होतें? वडारांच्या वस्तीवर कोण गेलें? मोहल्ल्यांत कोण गेलें?" आम्ही खालीं पाहूं लागलों. कोणीच गेलें नव्हतें. सभा देवळांत भरविली, तेथें ज्या येतात त्याच आल्या. ज्या येत नाहींत त्या आल्या नाहींत. आमच्या आळीस आम्ही गांव समजत होतों! दारू मात्र जात पाहात नाहीं. तिनें साऱ्या आळ्या आधींच गांठल्या होत्या. आमचा पराभव दुकानदारानें केला नाहीं. तो आमच्या आळशीपणानें आणि आमच्या मनांतल्या वेशीनें केला.

दुसऱ्या खेपेस आम्हीं घोषणा ठेवून दिल्या आणि यादी हातीं घेतली. तें काम कसें केलें तें सांगतों; यांत अवघड असें कांहीं नाहीं, फक्त चिकाटी पाहिजे.

पहिलें काम यादीचें. मतदारयादीची प्रत आणून आम्हीं ती आळीवार वाचली. मेलेल्या बाया यादींत जिवंत होत्या, लग्न होऊन परगांवीं गेलेल्या पोरी अजून यादींत होत्या. हीं नांवें 'एकूण' या आंकड्यांत मोजलीं जातात, म्हणजे मेलेली बाईही उभ्या बाटलीच्या बाजूनें मोजली जाते. अशीं नांवें कमी करण्यास नमुना ७ चा अर्ज असतो, अठरा वर्षें पुरीं झालेल्या मुलींचीं नांवें पहिल्यानें घालण्यास नमुना ६ चा, आणि सासरीं आलेल्या सुनांचें नांव हलविण्यास व चुकलेलें नांव दुरुस्त करण्यास नमुना ८ चा. हें काम आधीं करा, सह्या मागून घ्या.

दुसरें काम उंबऱ्यांचें. प्रत्येक आळींतून, प्रत्येक वस्तींतून तेथल्याच दोन बाया निवडल्या. दुसऱ्या आळीच्या बाईनें येऊन शहाणपण सांगावें, असें केलें नाहीं. एका जोडीकडे वीस-पंचवीस घरें. दिवेलागणीनंतर जावयाचें, बसावयाचें, मिळेल तो चहा घ्यावयाचा आणि बोलावयाचें कमी, ऐकावयाचें फार. पहिल्या फेरींत सही मागावयाचीच नाहीं. कोणाचा नवरा मारतो, कोणाचा पोरगा बिघडला, कोणाचें मंगळसूत्र गहाण पडलें, हें सारें ऐकून घ्यावयाचें आणि पोटांत ठेवावयाचें. एका घरचें दुसऱ्या घरीं बोललें, कीं दोन्ही घरें तुटलीं म्हणून समजा. सही दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरींत, यादीवरचें नांव व अनुक्रम पाहून. शेंकडा पंचवीस लागतात, म्हणून पंचवीसवर थांबूं नका, गळती होतेच.

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. आमचे तरुण म्हणाले, "एक निरोप टाकला कीं साऱ्या गांवास कळतें." कळतें खरें, पण कळणें वेगळें आणि येणें वेगळें. नवऱ्याच्या फोनवर आलेला निरोप बायकोपर्यंत पोंचत नाहीं. आणि जिचा जीव भीतीनें अर्धा झाला आहे तिला धीर देण्यास माणूसच दाराशीं जावें लागतें.

तिसरें काम दोन दिवसांचें: पडताळणीचा दिवस आणि मतदानाचा दिवस. त्या दिवशीं कोणाची मजुरी बुडणार, कोणाचें तान्हें मूल, कोणाची म्हैस दारांत, हें आधीं लिहून काढा. बंधूंनो, येथें तुमचें काम आहे. सभेंत पुढें बसून माना डोलवूं नका. त्या दिवशीं पोरें सांभाळा, गुरें पाहा, चूल पेटवा. ज्यांच्या शेतांत बाया कामास येतात त्यांनीं त्या दिवशीं सुटी द्यावी आणि मजुरी कापूं नये. म्हाताऱ्यांस केंद्रापर्यंत नेण्यास वाहन ठेवा. आत कोणास मत द्यावें हें कोणावर लादूं नका. आपलें काम तिला निर्भयपणें दारापर्यंत नेण्याचें. मत गुप्त असतें, नवऱ्यासही कळत नाहीं, हें मात्र शंभरदां सांगा.

लोक तुम्हांस दोन गोष्टी बोलतील. पहिली: दुकानदार आपल्याच भाऊबंदांतला आहे, जत्रेस वर्गणी देतो, तालमीस गदा देतो. अहो, देतो तें कोणाच्या पैशांतून देतो? आपल्याच घरचे शंभर नेऊन त्यांतले पांच परत दिले, तर त्यास दानशूर म्हणावयाचें काय? तरी त्याच्याशीं वैर धरूं नका, त्याच्या पोराबाळांस वाईट बोलूं नका. भांडण दुकानाशीं आहे, माणसाशीं नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक वजनाची आहे. लोक म्हणतील, दुकान बंद झालें कीं हातभट्टी सुरू होईल. ही भीति खोटी नाहीं, म्हणून ती झटकून टाकूं नका. चंद्रपूर जिल्ह्यांत दारूबंदी व्हावी म्हणून बायांनीं २०१० सालीं चिमूरहून नागपुरापर्यंत पायीं मोर्चा नेला. २०१५ सालीं बंदी आली आणि २०२१ सालीं सरकारनें ती उठविली. आंध्रांत नेल्लोर जिल्ह्यांतील दुबागुंटा गांवच्या, साक्षरतेच्या वर्गांत बसणाऱ्या बायांनीं १९९२ च्या सुमारास गांवठी दारूविरुद्ध कंबर कसली. तें लोण राज्यभर पसरलें, १९९५ सालीं सर्व राज्यांत दारूबंदी झाली आणि १९९७ सालीं सरकारनेंच ती सैल केली. यावरून त्या बायांचे श्रम वायां गेले असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं जो हुकूम मुंबईहून वा दिल्लीहून येतो तो तेथूनच परतही जाऊं शकतो. पण घरोघर जाऊन जी संगत उभी राहिली ती मोडण्याचा हुकूम कोणत्याही कचेरींतून निघत नाहीं.

म्हणून दुकान बंद झालें त्या दिवशीं आम्हीं गुलाल उधळला नाहीं. त्या जोड्या तशाच चालू ठेवल्या. शेजारच्या गांवाहून बाटल्या येऊं लागल्या, ओढ्याच्या कांठीं भट्टी लागली. आम्हीं पोलिसांत लेखी तक्रारी दिल्या आणि पोंच घेतली. २०१६ सालीं कायद्यांत ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली आहे. ग्रामसभेंतून तें दल मागा. आणि ज्याचा हात दारूवांचून कांपतो त्यास शिव्या न देतां सरकारी दवाखान्यांत न्या. तो रोगी आहे आणि आपल्याच घरचा आहे. आज आमच्या गांवांत दारू अजिबात नाहीं असें खोटें आम्ही सांगणार नाहीं. पण भर वाटेवर ती विकली जात नाहीं, शाळेच्या पोरांस ती दिसत नाहीं, आणि रात्रीं एखाद्या घरांतून ओरड आली तर शेजारच्या दोन बाया दार ठोठावतात. पूर्वीं त्याच बाया कान झांकून घेत असत.

नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या हजारों सह्या १८८४ सालीं गोळा केल्या. आठवड्याची सुटी हाती आली ती १८९० सालीं. मध्यें सहा वर्षें गेलीं. सही करून कोणी घरीं बसला असता तर तो रविवार आला नसता.

आतां एकच विनंती. टाळ्या वाजवूं नका. सभा उठण्यापूर्वीं प्रत्येक आळीनें, प्रत्येक वस्तीनें आपल्या दोन-दोन बायांचीं नांवें या वहींत लिहून द्यावीं. ज्या वस्तीचें कोणीच येथें आलें नसेल, तिचें पान कोरें ठेवा आणि उद्यां दिवेलागणीस पहिली फेरी तेथेंच करा. आम्ही आज रात्रीं आपल्या गांवींच मुक्काम करणार आहों. उद्यां त्या फेरीस तुमच्याबरोबर येऊं. वही येथें ठेवली आहे. पहिलें नांव कोणाचें?