नाही म्हणण्याची किंमत कोण मोजतं? युरोपचं बजेट आणि आपली स्कॉलरशिप

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय कळल्यावर दोघातिघांनी मला आधीच विचारलं, की युरोपियन युनियनच्या बजेटशी आपलं काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. पण पैशाच्या वाटणीचा अभ्यास हा आपल्यासाठी परका विषय नाही. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी जो विषय घेतला तो हाच होता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती सांगणारं त्यांचं पुस्तक १९२५ साली लंडनमध्ये छापलं गेलं. १८७१ पासून मध्यवर्ती सरकारने प्रांतांना आधी ठोक रकमा दिल्या, मग काही उत्पन्नाच्या बाबी नेमून दिल्या, मग उत्पन्नात हिस्सा दिला. बाबासाहेब हे सगळं आकडेवारीनिशी मांडतात आणि मुद्द्यावर येतात: प्रांताच्या हातात पैसा आला, पण तो हक्काने आला की वरच्याच्या मर्जीने? जयंतीच्या भाषणांत हे पुस्तक फारसं येत नाही. आकडे फार आहेत, म्हणून असेल. आज तोच प्रश्न घेऊन आपण ब्रुसेल्सला जाऊ आणि मग घरी येऊ.

युरोपियन युनियनमध्ये २७ देश आहेत. प्रत्येकाचं स्वतःचं बजेट आहेच, शिवाय सगळ्यांचं मिळून एक सामाईक वार्षिक बजेट असतं. ते ठरवण्यात तीन संस्था असतात. युरोपियन कमिशन म्हणजे कारभार चालवणारी यंत्रणा. ती मसुदा मांडते. कौन्सिल म्हणजे सदस्य देशांच्या सरकारांचे मंत्री. पैसा मुख्यतः यांच्याच तिजोऱ्यांतून येतो, म्हणून हे बहुतेक वेळा कात्री घेऊन बसतात. तिसरी संस्था युरोपियन पार्लमेंट, थेट लोकांनी निवडून दिलेली. कौन्सिलने कापलेलं पार्लमेंट परत जोडतं आणि वर थोडं मागतं. हे जवळजवळ दरवर्षी घडतं.

यातला कुणीही एकटा बजेट मंजूर करू शकत नाही. पार्लमेंटने कौन्सिलला न पटणाऱ्या दुरुस्त्या केल्या, की एक समेट समिती बसते. कौन्सिलचे २७ प्रतिनिधी, पार्लमेंटचेही तेवढेच सदस्य, आणि मध्यस्थी करायला कमिशन. मुदत २१ दिवसांची. त्यात एक सामाईक मजकूर तयार झाला तर पुढच्या १४ दिवसांत दोन्ही सभागृहांनी त्यावर निर्णय द्यायचा. नाही झाला तर कमिशनने नवा मसुदा आणायचा. शेवटच्या रात्री बारा वाजेपर्यंत खोलीत माणसं बसलेली असतात, कुठल्या ओळीतून किती काढायचे आणि कुठल्या ओळीत किती घालायचे यावर भांडत. ओळ म्हणजे खरोखरच बजेटमधली एक ओळ, एक योजना, एक आकडा.

समेट नेहमी होतो असं नाही. २०११, २०१३, २०१५ आणि २०१९ या वर्षांच्या बजेटांवर पहिल्या फेरीत समेट फिसकटला होता. चारही वेळा नवा मसुदा आला आणि डिसेंबरात तोडगा निघाला. तो निघतो याचं कारण म्हणजे न निघाल्यास काय होईल हे करारातच लिहून ठेवलंय. एक जानेवारीला बजेट नसेल तर कारभार बंद पडत नाही. दर महिन्याला मागच्या वर्षीच्या तरतुदीचा जास्तीत जास्त बारावा हिस्सा खर्च करता येतो. घरात पगार अडकला की आई जसं मागच्या महिन्याच्या हिशेबाने किराणा आणते, तसंच.

१९७९ च्या जूनमध्ये युरोपियन पार्लमेंट पहिल्यांदा थेट निवडून आलं. अध्यक्ष झाल्या सिमोन वेय, ऑशवित्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात या नव्या पार्लमेंटने १९८० चं अख्खं बजेटच फेटाळलं. बजेटचा बराच मोठा भाग शेतीवर जात होता आणि त्या भागावर शेवटचा शब्द पार्लमेंटचा नव्हता. नियमात 'बंधनकारक खर्च' आणि 'बिगर-बंधनकारक खर्च' असे दोन कप्पे होते. मोठा कप्पा मंत्र्यांच्या हातात, छोटा लोकप्रतिनिधींच्या. पार्लमेंट 'नाही' म्हणालं आणि युरोपचा कारभार १९८० च्या जुलैपर्यंत बाराव्या हिश्श्यांवर चालला. ही दोन कप्प्यांची व्यवस्था कायमची गेली ती २००९ साली लिस्बन करार लागू झाल्यावर. म्हणजे निवडून येणं आणि पैशावर हक्क मिळणं यात तीस वर्षांचं अंतर पडलं.

आता कुणी युरोपला मखरात बसवू नका. हे वार्षिक भांडण एका कुंपणाच्या आत चालतं. सात वर्षांची कमाल मर्यादा आधीच ठरलेली असते, आणि ती ठरवताना कौन्सिलमध्ये प्रत्येक देशाची संमती लागते. पार्लमेंट ती मर्यादा स्वीकारू किंवा नाकारू शकतं, बदलू शकत नाही. उत्पन्न वाढवण्याचा अधिकारही त्याला नाही. शिवाय कौन्सिल आणि पार्लमेंट यांच्यात १९७० पासून एक सभ्य समजूत आहे, की एकमेकांच्या कार्यालयीन खर्चात नाक खुपसायचं नाही. भांडतानाही स्वतःच्या घरखर्चाला कुणी हात लावू देत नाही, हे आपल्याला नवीन नाही. आणि बाराव्या हिश्श्याचा नियमही निष्पाप नाही. तो चालू असलेल्या गोष्टी चालू ठेवतो. नवी योजना मात्र दाराबाहेर थांबते.

त्या खोलीत कोण नसतं, हेही बघितलं पाहिजे. रोमा समाज युरोपचा सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्य समाज मानला जातो, आणि शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलेला. त्यांच्यासाठीचा युरोपीय पैसा देशोदेशींच्या सरकारांमार्फत जातो. युरोपच्या लेखापरीक्षकांनी २०१६ साली या खर्चाची तपासणी केली, तेव्हा एक मोठी अडचण पुढे आली: रोमांबद्दल पुरेशी, भरवशाची आकडेवारीच नाही. मोजणी नसेल तर पैसा पोचला की नाही हे तपासायचं कशाशी लावून? जातनिहाय जनगणनेच्या वादात हे उदाहरण आपल्या उपयोगाचं आहे.

यापुढचा भाग नीट ऐका, कारण तो थेट तुमच्या बँक खात्यापर्यंत येतो. युरोपच्या बजेटमध्ये प्रत्येक ओळीला दोन आकडे असतात. एक वचनाचा, म्हणजे यंदा किती रकमेचे करार करता येतील. दुसरा देण्याचा, म्हणजे यंदा प्रत्यक्ष किती पैसे हातातून जातील. २०२५ साठी वचनं होती सुमारे १९९ अब्ज युरोंची आणि देणी सुमारे १५५ अब्जांची. मंत्री वचनाच्या आकड्यावर उदार होतात आणि देण्याच्या आकड्यावर मूठ आवळतात. त्यामुळे २०१४ च्या शेवटी मागास प्रदेशांच्या विकास निधीत जवळपास २५ अब्ज युरोंची बिलं थकली होती. त्या वर्षी समेट फिसकटला तो मुख्यतः याच बिलांवरून. पार्लमेंटचं म्हणणं साधं होतं: तुम्हीच सही केलेली बिलं आहेत, आधी ती भागवा.

'मंजूर' आणि 'जमा' यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर मंजूर दिसतंय, खात्यात शून्य, आणि कॉलेजचा क्लार्क विचारतोय फी कधी भरणार. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझी स्कॉलरशिप आली तेव्हा मी शेवटचा पेपर देऊन झाले होते. मार्कशीट फीसाठी अडकवून ठेवली होती. इथे बसलेल्या निम्म्यांची हीच कथा असणार, त्यामुळे ती मी वाढवत नाही.

ही शिष्यवृत्तीसुद्धा सामाईक बजेटच आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने नवं सूत्र मंजूर केलं: पाच वर्षांत एकूण ५९,०४८ कोटी रुपये, त्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. राज्याने पडताळणी करून आपला हिस्सा सोडायचा, मग केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. कागदावर हे आधीपेक्षा बरंच चांगलं आहे. पण राज्याने उशीर केला तर? केंद्र म्हणणार, राज्याचा हिस्सा आला नाही. राज्य म्हणणार, प्रक्रिया सुरू आहे. ब्रुसेल्समध्ये दोन्ही पक्षांना एका खोलीत २१ दिवस बसावं लागतं. इथे अशी खोलीही नाही आणि मुदतही नाही. उशिराची किंमत मोजते ती ज्या मुलीच्या नावावर पैसे आहेत ती.

मग आपली संसद काय करते? संविधानाच्या अनुच्छेद ११३ प्रमाणे लोकसभा कुठल्याही खात्याची अनुदानाची मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यसभेत या मागण्यांवर मतदानच होत नाही, आणि धन विधेयक तिने १४ दिवसांत परत करायचं असतं. कपात सूचना मंजूर झाली तर तो सरकारवरचा अविश्वास मानला जातो, त्यामुळे सत्ताधारी बाजूचा कुणी ती मंजूर होऊ देत नाही. उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकत्र मंजूर होतात. याला गिलोटीन म्हणतात, नाव चपखल आहे. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च लोकसभेने गोंधळात, चर्चेशिवाय मंजूर केला. २०१८ सालीही असंच झालं होतं.

लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ राखीव जागा आहेत. युरोपियन पार्लमेंटमधला सदस्य बजेटवर स्वतःच्या गटाविरुद्ध मत देऊन जागेवर राहू शकतो. आपल्या राखीव मतदारसंघातल्या खासदाराने पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याने त्याची खासदारकी जाऊ शकते. पुणे करारानंतर आपल्याला मिळालेल्या प्रतिनिधित्वाचं हे आजचं रूप आहे. माणूस सभागृहात आहे, पण आपल्या समाजाच्या एका ओळीसाठी त्याला 'नाही' म्हणता येत नाही. स्थायी समित्या खात्यांच्या मागण्या तपासतात आणि त्यांचे अहवाल खरोखर वाचण्यासारखे असतात, पण त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत.

परिणाम दिसतो तो अनुसूचित जाती उपयोजनेत. विशेष घटक योजना म्हणून ती १९७९-८० पासून आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा वेगळा काढायचा, ही कल्पना. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात आपण १६.६ टक्के. केंद्रीय बजेटमध्ये '१० ए' नावाचं एक विवरणपत्र असतं, त्यात प्रत्येक मंत्रालय आपला हिस्सा दाखवतं. पण दाखवणं हेच मंत्रालयाच्या हातात असल्यावर खतांच्या अनुदानाचा वाटासुद्धा दलितांसाठीचा खर्च म्हणून त्या यादीत बसतो. त्या ओळीपुढे बसून 'हे आम्हाला मान्य नाही' म्हणणारा समोरचा पक्षच या रचनेत नाही.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच पत्रकारांसमोर नाराजी व्यक्त केली. लाडकी बहीण योजनेत आपल्याही आया-बहिणी आहेत, त्यामुळे त्या योजनेशी माझं भांडण नाही. पण खात्याच्या मंत्र्याला हरकत घ्यायला कॅमेरा शोधावा लागतो, हे बघा. महाराष्ट्रात उपयोजनेच्या कायद्याची मागणी वर्षानुवर्षं होते आहे.

आपण ज्या शहरात बसलोय तिथे मात्र असा कायदा आहे. इथल्या दलित संघटनांच्या आंदोलनातून अविभाजित आंध्र प्रदेशात २०१३ साली तो आला. तेलंगणाने २०१७ च्या आपल्या कायद्यात पुढचं पाऊल टाकलं: यंदा खर्च न झालेली रक्कम पुढच्या वर्षी भरून द्यायची. अंमलबजावणीबद्दल इथले कार्यकर्ते तुम्हाला तासभर तक्रारी सांगतील, आणि त्या ऐकायला हव्यात. तरीही पैसा ३१ मार्चला वाया जाणं आणि पुढच्या वर्षी मागता येणं यात फरक आहे. मागायला निदान कायद्याचं एक कलम हातात असतं.

अर्थशास्त्र शिकलेलं नसल्यामुळे हे आपल्याला जमणार नाही असं कुणाला वाटत असेल, तर मीही समाजशास्त्राचीच आहे. फेब्रुवारीत बजेट आलं की १० ए उघडा. त्यात शेजारी शेजारी रकाने असतात: मागच्या वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज, आणि नवा अंदाज. बातमी नव्या अंदाजाची येते. तुम्ही आधी मागच्या वर्षाच्या अंदाजातून सुधारित अंदाज वजा करा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या ओळीपासून सुरुवात करू; मी कागद आणलेत, चौघांत एक पुरेल.