गिरणगावाचा कायापालट : जागा कुणाची, लाभ कुणाचा?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मला विषय दिला आहे तो 'मोठ्या शहरांतील मध्यवस्तीचे पुनरुज्जीवन' असा. नाव भारदस्त आहे, पण प्रश्न साधा आहे. शहराच्या मधोमध एक जुनी वस्ती असते. तिथला धंदा बसतो, इमारती पडक्या होतात. मग एके दिवशी तिथे पैसा येतो, काचेच्या इमारती उभ्या राहतात आणि वर्तमानपत्रे लिहितात की वस्तीला नवे जीवन मिळाले. आपण कामगारांनी विचारायचे ते इतकेच : जीवन मिळाले ते कुणाला?

हा प्रश्न मी मुंबईच्या गिरणगावाच्या आधारे मांडणार आहे. आपल्यातले काही जण भुसावळ, नागपूरहून आले आहेत, काही इटारसी, हुबळी, सिकंदराबादला नोकरी करतात. त्यांना वाटेल, परळ-लालबागशी आमचा काय संबंध? संबंध जुना आहे. गिरण्यांचा कापूस आणि कापड वाहिले ते रेल्वेने. गिरणी कामगाराचा पगार कोकणातल्या आणि घाटावरच्या घरी पोचवला तो टपाल खात्याच्या मनीऑर्डरने. रत्नागिरी जिल्ह्याला लोक 'मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा' म्हणत, ते उगाच नव्हे. तिसरा संबंध आजचा आहे, तो मी शेवटी सांगेन.

पायी कामावर जाणारी वस्ती

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंत गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. गिरण्यांच्या भोवती चाळी उठल्या, चाळींच्या आसऱ्याने खानावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव, पुस्तकालये आणि युनियनच्या कचेऱ्या आल्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गाववाले आणि त्यांना जेवू घालणारी खानावळवाली बाई, हा गिरणगावाचा संसार होता. या खानावळवाल्या बायांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधली.

या रचनेतली एक गोष्ट रेल्वे कामगारांनी नीट ध्यानात घ्यावी. गिरणी कामगार बहुतांशी पायी कामावर जात असे, आणि तेही तीन पाळ्यांमध्ये. परळ, एल्फिन्स्टन रोड, करी रोड, चिंचपोकळी, लोअर परळ या स्थानकांचे जिने, पूल आणि फलाट या काळातले आहेत. त्या वस्तीला ते पुरे पडत होते. पुढची शोकांतिका समजायची तर ही गोष्ट विसरू नका.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. संपाची चर्चा हा आजचा विषय नाही. एवढेच सांगतो की संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि तेव्हा मालकांच्या ध्यानात आले की मागातून निघणाऱ्या कापडापेक्षा मागाखालची जमीन कितीतरी महाग झाली आहे. सगळ्या गिरण्यांची मिळून ही जमीन सुमारे ६०० एकर होती. शहराच्या ऐन मध्यावर, दोन्ही रेल्वेमार्गांच्या कुशीत.

एका शब्दाचा फेर

बंधूंनो, आता थोडे कायद्याचे बोलू. कंटाळू नका, कारण गिरणगावाचा निकाल रस्त्यावर लागला त्याहून अधिक कागदावर लागला.

१९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा असेल तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला, मैदाने आणि बागांसाठी. दुसरा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला. या जमिनींपैकी बऱ्याच, धंदा वाढावा आणि रोजगार मिळावा म्हणून पूर्वी सवलतीने दिलेल्या होत्या. धंदा बंद केल्यावर समाजाचा वाटा समाजाकडे परत यावा, हे न्यायाला धरूनच होते.

२००१ साली हा नियम बदलला. वाटे तीनच राहिले. बदल एवढाच झाला की वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त मोकळ्या जमिनीची करायची. गिरणीची शेड पाडल्यावर जी जागा रिकामी होईल ती या हिशेबात धरायची नाही.

हिशेब मांडून पाहा. समजा एक गिरणी दहा एकरांची आहे. आठ एकरांवर शेड आणि गोदामे, दोन एकर मोकळे. जुन्या नियमाने दहा एकरांची वाटणी झाली असती, म्हणजे जवळजवळ पावणेसात एकर लोकांच्या वाट्याला. नव्या नियमाने दोनच एकरांची वाटणी, म्हणजे लोकांना सव्वा एकराच्या आसपास. गिरणी म्हटली की जमिनीचा मोठा भाग बांधकामाखाली असायचाच. त्यामुळे 'मोकळी' या एका शब्दाने मैदाने गेली आणि घरेही गेली.

प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूचा अर्थ लावला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा नियम कायम केला. दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारी मालकीच्या संस्थेने, ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, मुंबई टेक्स्टाइल आणि कोहिनूर क्रमांक ३ या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे २,०२० कोटी रुपयांना विकल्या. जमिनी जनतेच्या होत्या, आणि त्या सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे गेल्या.

तेवीस माणसे

वेगळा मार्ग कुणी सुचवलाच नव्हता असे नाही. १९९६ साली राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा अभ्यास करवला होता. सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा, रस्ते आणि मोकळ्या जागा आधी आखा, परळ-एल्फिन्स्टन स्थानकांबाहेर लोकांना वावरायला प्रशस्त चौक ठेवा, असा त्या अभ्यासाचा रोख होता. तसे झाले नाही. प्रत्येक गिरणी सुटी सुटी विकसित झाली. ज्याने त्याने आपल्या कुंपणाच्या आत आरसपानी फरशी घातली आणि कुंपणाबाहेरचा रस्ता होता तसाच राहिला.

आता मघाची गोष्ट आठवा. पायी, तीन पाळ्यांत कामाला जाणाऱ्या वस्तीच्या जागी बँका, विमा कंपन्या आणि प्रसारमाध्यमांची कार्यालये आली. त्यांचे कर्मचारी विरार, कल्याण, पनवेलहून गाडीने येतात, आणि सगळे एकाच वेळी, साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान. जिने तेच, पूल तेच.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस कोसळत होता. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर माणसे थांबून राहिली, मागून आणखी लोंढा आला, आणि जिन्यावर चेंगरून तेवीस माणसे मेली. नवा रुंद पूल मंजूर झालेला होता, पण कागदावरच. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले मनोरे तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. जमिनीच्या विक्रीतून शेकडो कोटी आले आणि स्थानकाला एक रुंद जिना मिळाला नाही. त्याच वर्षी २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून आणखी चौदा जण गेले.

दुर्घटनेनंतर लष्कराने फेब्रुवारी २०१८ पर्यंत पूल बांधून दिला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. जे पाच महिन्यांत होऊ शकले ते आधी का झाले नाही, हा प्रश्न उरतोच. आणि अशा वेळी लोकांचा राग निघतो तो तिकीट खिडकीवरच्या, फलाटावरच्या आपल्याच भावावर. ज्यांनी आराखडा मंजूर केला ते फलाटावर नसतात.

जिथे लोक टिकले

म्हणजे सगळेच हरले का? नाही. आणि कुठे हरलो नाही, ते समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी सहकाऱ्यांसह १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली आणि २ ऑक्टोबर १९९० पासून उपोषण केले. गिरणी बंद पडलेली, खिशात पैसा नाही, मान्यताप्राप्त संघटना पाठीशी नाही. तरी त्यांनी थकलेली देणी आणि गिरणीच्या जमिनीवर कामगाराला घर, हे दोन मुद्दे वीस-तीस वर्षे जिवंत ठेवले. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर जी घरे झाली, त्यांची पहिली मोठी सोडत २८ जून २०१२ रोजी निघाली, ६,९२५ घरांची. पुढे २०१६ आणि २०२० मध्येही सोडती निघाल्या. अर्ज मात्र दीड लाखाच्या वर आहेत. उरलेल्यांना शेलू-वांगणीकडची घरे पुढे केली जातात, आणि म्हातारे कामगार व त्यांचे वारस विचारतात की आमची जमीन परळला असताना आम्ही कर्जतच्या वाटेला का लागावे? इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले. लढा संपलेला नाही. पण ज्यांना घर मिळाले ते सरकारच्या दयेने मिळाले नाही, हे नोंदवून ठेवा.

दुसरे उदाहरण दादरच्या इंदू मिलचे. चैत्यभूमीजवळची ही जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी द्यावी म्हणून मोठे आंदोलन झाले आणि डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारला तसा निर्णय जाहीर करावा लागला. म्हणजे लोकांनी रेटा लावला तर गिरणीची अख्खी जमीन सार्वजनिक कामाला मिळू शकते.

तिसरे उदाहरण बीडीडी चाळींचे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या २०७ चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सार्वजनिक. वरळी, नायगाव आणि जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत होत आहे आणि भाडेकरूला त्याच जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर द्यायचे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजल्यांच्या इमारतीचा देखभाल खर्च पेन्शनीत गेलेला माणूस पुढे कसा भागवणार, हा प्रश्न उरतो. तरीही फरक पाहा. गिरणी कामगार फाटकाबाहेर फेकला गेला, तेव्हा त्याच्या हातात जागा उरली नव्हती. चाळकरी खोली सोडून गेला नाही. हक्काचा लेखी करार हाती आल्याखेरीज खोली रिकामी करणार नाही, असे म्हणत अनेक वर्षे तो बसून राहिला.

आपली पाळी

आता तिसरा संबंध. शहरांच्या मध्यवस्तीत आज मोक्याच्या जमिनी कुणाकडे आहेत? रेल्वेकडे आणि टपाल खात्याकडे. स्थानके, यार्ड, वर्कशॉप, कर्मचाऱ्यांच्या वसाहती, मुख्य टपाल कचेऱ्या. रेल्वे कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती करून रेल्वे भूमी विकास प्राधिकरण निर्माण केले गेले. रेल्वेची मोकळी जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने व्यापारी वापराला देणे, हे त्याचे काम. २०२३ पासून अमृत भारत योजनेखाली देशभरातील तेराशेच्या वर स्थानके विकासासाठी निवडली आहेत.

स्थानके सुधारू नयेत असे मी म्हणत नाही. गळके छप्पर आणि मोडका जिना यांत कामगाराचे भले नाही. जुन्या गोष्टी जशाच्या तशा ठेवा ही आपली मागणी नव्हे. पण गिरणगावाने शिकवलेल्या चार गोष्टी प्रत्येक शाखेने वहीत लिहून घ्याव्यात.

पहिली, आराखडा आणि नियमातला फेरबदल यांच्या सूचना प्रसिद्ध होतात आणि हरकतींसाठी मुदत असते. त्या मुदतीत शाखेची लेखी हरकत गेलीच पाहिजे. २००१ चा तो एक शब्द आपण वेळेवर वाचला नाही.

दुसरी, 'मोकळी जमीन', 'अतिरिक्त जमीन', 'वापरात नसलेली जमीन' या शब्दांचा अर्थ आधी लेखी मागा. वसाहतीतल्या क्वार्टर दुरुस्तीविना पडक्या ठेवल्या की त्या जागेला वापरात नसलेली म्हणणे सोपे जाते.

तिसरी, आधी पूल, जिना, रस्ता, मग मनोरा. जमिनीतून येणाऱ्या पैशातला वाटा त्याच स्थानकाच्या सुरक्षिततेवर खर्च व्हावा ही मागणी प्रवासी संघटनांबरोबर मिळून करा.

चौथी, पर्यायी घर त्याच परिसरात आणि लेखी कराराने मिळाल्याशिवाय वसाहत रिकामी करू नका.

बंधू-भगिनींनो, एके काळी गिरणगावातून निघालेल्या मनीऑर्डरी आपल्यातल्या पोस्टमनने कोकणातल्या घरी पोचवल्या. जुन्या पद्धतीची ती मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, पाठवणारा तर त्याच्या आधीच हरवला होता. वस्ती जिवंत झाली असे म्हणायचे तर तिथे राबणारा माणूस तिथे राहू शकला पाहिजे, आणि तिथे कामाला येणारा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी गेला पाहिजे. या दोन कसोट्यांवर उद्या तुमच्या गावच्या स्थानकाचा आराखडा तपासा आणि पुढच्या बैठकीला तो सोबत घेऊन या.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. कामगार एकजुटीचा विजय असो!