कर्जाचा पैसा आणि झोपडीवासीयांचा अर्ज



परदेशातून येणाऱ्या पैशाला आपण सरसकट ‘मदत’ म्हणतो. त्यातील पुष्कळसा पैसा फेडावा लागतो. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जागतिक बँकेने २००२ साली सुमारे ५४ कोटी डॉलर मंजूर केले, तेही कर्जाऊच. फेडावयाचे सरकारी खजिन्यातून. काडेपेटीवरही कर भरणाऱ्या आपणा सर्वांच्या पैशातून.

या प्रकल्पापायी रुळांलगतची व रस्त्यांच्या आड येणारी हजारो कुटुंबे हलविली गेली. डोक्यावर पक्के छप्पर आले, पण काम दूर राहिले. लहान दुकानदारांची तर बांधलेली गिऱ्हाइके तुटली.

बँकेच्या कारभाराविरुद्ध तक्रार ऐकण्यासाठी १९९३ साली स्थापन झालेले एक तपासणी मंडळ आहे. दोघा बाधितांनी मिळून केलेला अर्जही तेथे चालतो. वकील लागत नाही, हे माझ्या धंद्याला गैरसोयीचे असले तरी सांगितलेच पाहिजे! २००४ साली मुंबईच्या विस्थापितांचे अर्ज तेथे गेले. मंडळाने पुनर्वसनातील दोष नोंदविले. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन यांचा पैसा रोखला. राज्य शासनाने काही अटी पुऱ्या केल्यावर, जूनअखेर, तो पुन्हा मोकळा झाला.