तक्रार असेल तर लेखी द्या



   बुद्धिबळ संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यायचा असतो, पण तो छापील अहवालात आहे. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, आणि ती बरीच वर्षं मनात आहे. कुणी जिंकलं की हॉलच्या बाहेर संशयाची कुजबुज सुरू होते. पालक करतात ते मी समजू शकतो. आपण पंच आणि प्रशिक्षक त्यात सामील होतो, हे मला सहन होत नाही.

सकाळी दिव्या देशमुखवरून वाद झाला. नागपूरच्या या मुलीने 28 जुलै 2025 रोजी बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती थेट ग्रँडमास्टर झाली. किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नाही, मग कसली ग्रँडमास्टर, असं इथे विचारलं गेलं. अहो, विश्वचषक जिंकणारीला हा किताब मिळेल हे फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिली चाल होण्याआधीच ठरवलेलं होतं. वाटेत झू जिनर, हरिका, तान झोंगयी यांना तिने हरवलं ते पटावरच ना? नियम पटत नसेल तर फिडेला लिहा. मुलीला कशाला बोल लावता? जानेवारी 2024 मध्ये तिनेच सांगितलं होतं की प्रेक्षक डावाऐवजी तिचे कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलतात.

हे आपल्याकडे नवं नाही. 1976 मध्ये 13 वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला! 'नवाकाळ'कार नीलकंठ खाडिलकरांच्या या मुलीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष माक्स एव्ह यांनी निर्णय दिला की महिलांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. रोहिणीने त्याच स्पर्धेत तीन राज्यविजेत्यांना हरवलं. आजच्या किती प्रशिक्षकांना हे माहीत आहे?

 ही कुजबुज कुठवर जाते, हे मी स्वतः पाहिलं आहे. एका जिल्हा स्पर्धेत मी मुख्य पंच होतो. शेवटच्या फेरीनंतर हरलेल्या मुलाचे वडील म्हणाले, जिंकलेली पोरगी सारखी वॉशरूमला जात होती. मी कागद आणि पेन पुढे केलं. म्हटलं, वेळ लिहा, काय पाहिलंत ते लिहा, खाली सही करा. त्यांनी पेन उचललं नाही. मग आयोजक मला बाजूला घेऊन म्हणाले, 'सर, दोघांना संयुक्त विजेते करून टाका, वाद मिटेल.' मी साफ नकार दिला. 1955 ला एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, ते गुण सारखे झाले म्हणून. ही पोरगी अर्ध्या गुणाने पुढे होती. करंडक तिला एकटीला मिळाला. पण कुजबुज तिच्या शाळेपर्यंत पोचली, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आजही नावनोंदणीची यादी हातात आली की मी ते नाव शोधतो.

वॉशरूमचंच म्हणाल तर 2006 ला एलिस्टात जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रॅमनिकवर तोच संशय घेतला गेला. त्याचं वॉशरूम बंद केलं, पाचवा डाव त्याने निषेध म्हणून खेळला नाही आणि तो गुण गेला. सिद्ध काहीच झालं नाही. टायब्रेक जिंकून तो विजेता ठरला. पुढे तोच क्रॅमनिक इतरांवर जाहीर संशय घेऊ लागला, याचं मला फार वाईट वाटतं.

फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाही. मोबाईल सापडला तर दया नको. पण तक्रार त्याच दिवशी, नावानिशी आणि सहीनिशी हवी. त्यासाठी मराठीत एक साधा अर्ज करायचा आहे. मसुदा कुणी लिहायचा, हे चहानंतर दोघा-तिघांनी बसून ठरवूया. तोवर ज्याला दिव्याच्या किताबाबद्दल आणखी बोलायचं आहे, त्याच्यासाठी माझ्याकडे कागद आहे.