शहजादा सलीम ते सल्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘अलीकडे पाहिलेले चित्रपट’ हा आजचा विषय. समीक्षकाला छायाचित्रणातलं कळतं, संकलनातलं कळतं. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी तिकीट काढतो, खुर्चीत बसतो आणि ऐकतो. मी माजिवड्याला राहतो. मुंबईहून येणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता आमच्या नाक्यावर भेटतात आणि रात्री दोन वाजताही कंटेनरचे ब्रेक किंचाळत असतात. त्यामुळे दोन-अडीच तास माणसांचं बोलणं नीट ऐकू यावं, एवढ्यासाठीसुद्धा मी चित्रपटाला जातो. तेव्हा आजची माझी मतं ही कानाने बनवलेली मतं आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात ‘दशावतार’पासून करू. हा चित्रपट २०२५च्या सप्टेंबरात आला. वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी त्यात बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत उभा केला आहे. नजर अधू झालेली, पण रंगभूमी सुटत नाही. पूर्वार्धात त्यांचं बोलणं ऐकताना हा नट आहे, हे मी विसरूनच गेलो. उत्तरार्धात मात्र गोष्ट सुडाकडे वळते, संगीताचा आवाज चढतो आणि बोलणारी माणसं एकदम संवाद म्हणू लागतात. तिथे माझं मन थोडं मागे सरलं. तरीही कोकणातल्या खाणींचा प्रश्न अशा करमणुकीच्या चित्रपटात आला आणि लोकांनी तो गर्दी करून पाहिला, याचा आनंद झाला.

‘मुंज्या’ (२०२४) हा हिंदीतला भयपट, पण भूत अस्सल आपलं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत आपण लहानपणी ऐकलेली. पडद्यावरचं भूत संगणकातून निघालेलं आहे आणि खरं सांगायचं तर थोड्या वेळाने मला त्याची भीती वाटेनाशी झाली. पण सुहास जोशींची आजी बोलायला लागली की खोलीतला उजेड कमी झाल्यासारखं वाटतं. भीती आवाजात असते, चेहऱ्यावरच्या रंगात नसते, हे त्या जाणतात.

आता एकाच अभिनेत्रीचे दोन चित्रपट. ‘लापता लेडीज’ (२०२४) ही खेळकर गोष्ट. त्यात छाया कदम यांची मंजू माई रेल्वे फलाटावर चहाची टपरी चालवते. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला २०२४ साली कान महोत्सवात ‘ग्राँ प्री’ मिळालं. त्यात त्याच छाया कदम मुंबईच्या एका रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या पार्वती झाल्या आहेत. घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर त्यांना घराबाहेर काढू पाहतो आणि त्या रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परततात. उत्तरेतल्या फलाटावरची बाई आणि कोकणातली बाई, दोघी तितक्याच खऱ्या! हा चित्रपट संथ आहे, सर्वांना आवडेलच असं नाही. पण मुंबईत एका खोलीत किती भाषा नांदतात, हे इतक्या नीटपणे मी क्वचितच ऐकलं होतं.

याच चित्रपटात शियाज नावाचा मुलगा आहे. केरळचा, मुसलमान. आपल्या मैत्रिणीशी तो मल्याळममध्ये बोलतो. केरळचा मुलगा मल्याळम बोलणार, यात सांगण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण मी मात्र खुर्चीत सावरून बसलो. कारण तो ‘काहीच नाही’ इतका सहजपणा मराठी बोलणाऱ्या मुसलमानाच्या वाट्याला पडद्यावर फार थोड्या वेळा आला आहे.

हिंदी चित्रपटातला मुसलमान मी सलीम या नावावरून मोजतो. पहिला सलीम ‘मुघल-ए-आझम’चा (१९६०). शहजादा. त्याची भाषा दरबारी, ऐकायला अतिशय गोड. त्या काळात ‘मुस्लिम सोशल’ नावाचा चित्रपटांचा एक प्रकारच होता. शेरवानी, शमादान, शायरी. मी त्यांवर वाढलो, त्यांचा मला राग नाही. पण त्यातलं घर आमचं नव्हतं. आमचं घर सोलापूर जिल्ह्यातलं. घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. त्या दखनीतसुद्धा मराठी मुरलेली. आम्ही ‘नक्को’ म्हणतो तो मराठीतला ‘नको’. ‘वोइच’ म्हणतो, त्यातला ‘च’ मराठीचा. ही दखनी हिंदी पडद्यावर आली ती मुख्यतः हसवण्यासाठी. ‘गुमनाम’मधला (१९६५) मेहमूदचा हैदराबादी ढंगाचा बटलर आठवा. आम्हीही पोट धरून हसलो. पण माझ्या आजीने त्याच भाषेत घरच्यांना मूठमाती दिली होती, जावयांना निरोप दिले होते. त्या भाषेत रडणारं माणूस मला पडद्यावर दिसलं नाही.

दुसरा सलीम ‘गर्म हवा’चा (१९७३). आग्र्याचा जोडे बनवणारा सलीम मिर्झा, बलराज साहनींनी साकारलेला. तो आग्र्याचं बोलतो, कारण तो आग्र्याचा आहे. फाळणीनंतर घरची माणसं एकेक करून जात असताना तो का थांबतो, याचं उत्तर त्याच्या बोलण्यातच आहे. तिसरा सईद मिर्झांचा, ‘सलीम लंगडे पे मत रो’मधला (१९८९), मुंबईच्या गल्लीतला. तो गुन्हेगार आहे, पण त्याच्या गल्लीची भाषा त्याच्या तोंडी आहे. म्हणून तो माणूस वाटतो.

आणि चौथा सलीम मराठीतला. ‘सैराट’ (२०१६) परवा पुन्हा घरी पाहिला. परशाचा मित्र सलीम शेख. सगळे त्याला सल्या म्हणतात. अरबाज शेख या मुलाने ते काम केलं आहे. हा सल्या करमाळ्याच्या बाजूचं मराठी बोलतो, मित्रासाठी जीव टाकतो आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे एकदाही थांबून सांगत नाहीत, की बघा, हा मुसलमान आहे हं. गावात जसा असतो तसा तो आहे. शहजाद्यापासून सल्यापर्यंत यायला छप्पन्न वर्षं लागली.

हे मी इतकं लावून का धरतो? गेली तीसेक वर्षं कवितावाचनानंतर कोणी ना कोणी माझ्याजवळ येतं आणि म्हणतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. मीही हसून आभार मानतो. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जोशी किंवा पाटील आडनावाच्या कवीला असं कोणी म्हणत नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांना आपण शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदानं भरून टाकायचा आणि ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात, कुंभाराच्या घरातल्या गोष्टीत, त्यांनी कामही केलं. इतका जुना शेजार असूनही माझ्या मराठीचं आश्चर्य वाटतं. पुस्तकं थोडे लोक वाचतात, चित्रपट सगळे पाहतात. मराठीत भांडणारा, उधारी मागणारा, पोरीच्या लग्नाची काळजी करणारा मुसलमान ज्यांना पडद्यावर भेटलाच नाही, त्यांना मी पाहुणा वाटलो तर नवल नाही.

यावर कोणी म्हणेल, तुम्हाला चांगली मुसलमान पात्रं हवीत. अजिबात नाही. सज्जन चाचा पाहून पाहून मी कंटाळलो आहे. खलनायक करा, लबाड दुकानदार करा, विनोदीही करा. फक्त तो कुठल्या गावचा आहे ते त्याच्या बोलण्यातून कळू द्या.

शेवटी ‘होमबाउंड’बद्दल. नीरज घायवान यांचा हा चित्रपट २०२५ साली आला. उत्तरेतल्या एका गावचे दोन मित्र, शोएब आणि चंदन. एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलिसात भरती व्हायचं आहे, कारण वर्दी घातली की कोणी जात-धर्म विचारणार नाही, असं त्यांना वाटतं. पुढे सुरतेची गिरणी, मग २०२०ची टाळेबंदी आणि गावाकडे निघालेली ती वाट. दोघं एकाच मातीची बोली बोलतात. शोएबला नोकरीच्या ठिकाणी हसत हसत टोमणे मारले जातात, तेव्हा तो उत्तर देत नाही, आणि माझ्या कानाला सगळ्यात जास्त ऐकू आलं ते त्याचं गप्प बसणं. शेवटाकडे चित्रपट थोडा रेंगाळतो, पण जरूर पाहा.

आणि श्रोतेहो, पुढच्या वेळी चित्रपट पाहाल तेव्हा माझ्यासाठी पाच मिनिटं डोळे मिटा. नुसतं ऐका. बोलणारा माणूस कुठल्या गावचा, घरी काय जेवतो, आईला काय म्हणून हाक मारतो, याचा अंदाज बांधा. अंदाज बांधता आला तर लेखकाने आपलं काम चोख केलं असं समजा. नाहीच बांधता आला, तर घरी जाताना शेजारच्या शेखांच्या किंवा मुलाण्यांच्या दारात दोन मिनिटं थांबा. ते कसं बोलतात, हे तुम्हाला पडद्यापेक्षा नीट कळेल.