गाडीचे सॉफ्टवेअर आणि त्याचा साचा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मंडपात आरोग्य, गुंतवणूक, अध्यात्म अशा विषयांवर बोलायला अधिकारी माणसे येतात. यंदा कार्यकारिणीने मला उभे केले आहे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, राज्य शासनाच्या नोकरीतला माणूस. सॉफ्टवेअर कंपनीत मी कधी काम केलेले नाही. पण आपल्या मंडळातल्या घरांमधली चार डिप्लोमाची मुले आणि मी, गेली दोन वर्षे रविवारी एकत्र बसून गाडीच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास करतो. त्यातून जे हाती लागले तेवढेच आज सांगणार आहे. विषय आहे, गाडीच्या सॉफ्टवेअरसाठी ‘बिल्ड टेम्प्लेट’ कसे तयार करायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर बांधणीचा साचा.

गाडीत सॉफ्टवेअर आहे कुठे?

सिल्वासातल्या कोणत्याही दुचाकीच्या गॅरेजमध्ये विचारा. जुना मेकॅनिक सांगेल की नव्या गाडीला कार्बोरेटर नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले आणि साध्या स्कूटरलाही फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचे हे आता ‘ईसीयू’ नावाची छोटी डबी ठरवते. त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. म्हणजे ब्रेकमध्येही कम्प्युटर आला. मोटारीत तर अशा डब्या डझनांनी असतात.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. सिग्नलचा एका बाजूचा बल्ब गेला की उरलेला दिवा भराभर लुकलुकतो. पूर्वी फ्लॅशर रिलेतून जाणारा करंट कमी झाल्यामुळे ते आपोआप व्हायचे. आता बऱ्याच गाड्यांत हे काम सॉफ्टवेअर करते. बल्ब गेल्याचे ते ओळखते आणि चालकाला कळावे म्हणून मुद्दाम वेग वाढवते. एरवी सिग्नलने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावे असा नियम आहे. आमच्या मुलांनी अभ्यासाला हाच सिग्नल घेतला. चार-पाचशे रुपयांचा एक छोटा बोर्ड, दोन दिवे आणि एक बटण. एवढ्यावर पुष्कळ शिकता येते.

बिल्ड म्हणजे काय?

माणसाने लिहिलेला प्रोग्राम ईसीयूला वाचता येत नाही. बहुतेक वेळा तो ‘सी’ भाषेत असतो. कम्पायलर प्रत्येक फाइलचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. लिंकर ते सगळे तुकडे जोडतो आणि कोणता तुकडा चिपच्या कोणत्या पत्त्यावर बसेल हे ठरवतो. शेवटी एक फाइल तयार होते, ती ईसीयूत भरतात. या सगळ्या प्रवासाला बिल्ड म्हणतात.

यात गोम अशी की तोच प्रोग्राम दोन कम्प्युटरवर बांधला तर दोन वेगळ्या वस्तू निघू शकतात. कम्पायलरची आवृत्ती वेगळी असेल, त्याला दिलेल्या सूचना वेगळ्या असतील, किंवा एखादी जुनी फाइल तशीच जोडली गेली असेल.

हे दुखणे जुने आहे. १९७६ साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन नावाच्या नामवंत प्रोग्रामरची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात गेली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती. फक्त ती फाइल पुन्हा कम्पाइल झाली नव्हती, त्यामुळे जुनाच तुकडा जोडला जात होता. तो वैतागून आपल्या सहकाऱ्याकडे, स्टुअर्ट फेल्डमनकडे गेला. त्यातून फेल्डमनने ‘मेक’ हे साधन लिहिले. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवायचे, म्हणजे बदललेले तेवढे यंत्र स्वतःच पुन्हा बांधते. या कामासाठी २००३ साली फेल्डमनला एसीएम या संस्थेचा पुरस्कार मिळाला. आज वापरतात ते ‘सीमेक’ वगैरे याच वाटेवरचे.

साच्यात काय काय असावे?

नवा प्रकल्प सुरू करताना प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने फोल्डर करू नयेत, यासाठी साचा. आमच्या छोट्या साच्यात सहा गोष्टी आहेत.

पहिली, फोल्डरची ठरलेली रचना. प्रोग्राम एका जागी, चाचण्या दुसऱ्या जागी, चिपपुरते खास असेल ते तिसऱ्या जागी. सिग्नल केव्हा लुकलुकावा हा विचार आणि अमुक चिपच्या अमुक पायावर वीज सोड हा हुकूम, हे दोन वेगळे ठेवले की उद्या चिप बदलली तरी विचार तोच राहतो. २००३ साली मोठ्या मोटार कंपन्यांनी मिळून ‘ऑटोसार’ ही व्यवस्था सुरू केली, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

दुसरी, कम्पायलर कोणता, कोणत्या आवृत्तीचा आणि त्याला कोणत्या सूचना द्यायच्या, हे लिहिलेली फाइल. हे कोणाच्या डोक्यात राहता कामा नये.

तिसरी, चिपच्या मेमरीचा नकाशा. लिंकर त्यावरूनच काम करतो.

चौथी, नियमांची तपासणी. गाडीसाठी ‘सी’ भाषा कशी वापरावी याचे ‘मिस्रा’ नावाचे नियम १९९८ साली प्रथम निघाले. ते मोडले की बिल्ड तिथेच थांबले पाहिजे. नुसती सूचना आली तर कोणी वाचत नाही, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पाचवी, चाचण्या. बोर्ड नसतानाही घरच्या कम्प्युटरवर चालतील अशा. आमच्या सिग्नलची चाचणी मिनिटाला किती वेळा दिवा लागतो ते मोजते. ६० च्या खाली किंवा १२० च्या वर गेला की नापास. बल्ब गेल्याचा प्रसंग खोटा निर्माण करून वेग वाढतो की नाही, हेही पाहते.

सहावी, शिक्का. तयार झालेल्या फाइलमध्ये ती प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीवरून बांधली हे उमटलेच पाहिजे.

मुलांनी एक प्रयोग केला तो सांगतो. एकच प्रोग्राम दोघांनी आपापल्या घरी बांधला. कम्पायलर एकच, सूचना त्याच. तरी दोन्ही फाइलींचे ‘हॅश’ जुळेनात. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. दोन रविवार शोध चालला. शेवटी कळले की बांधणीची तारीख आणि वेळ, आणि कम्प्युटरवरच्या फोल्डरचे पूर्ण नाव, या गोष्टी फाइलमध्ये जाऊन बसत होत्या. त्या काढल्या, तारखेऐवजी आवृत्तीचा क्रमांक घातला आणि दोन्ही ठसे जुळले. त्या दिवशी मुलांना झालेला आनंद परीक्षेच्या निकालापेक्षा मोठा होता.

नमुना आणि झेरॉक्स

आता माझ्या क्षेत्रात येतो. महाराष्ट्रात सातबारा सर्वांना माहीत आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. असे एक ते एकवीस गाव नमुने आहेत. नमुना म्हणजे साचाच. तलाठी बदलून जातो, नमुना राहतो. नवा माणूस आला तरी कोणत्या रकान्यात काय पाहायचे हे त्याला कळते.

पण कचेरीत दुसरीही गोष्ट घडते. अर्जाचा नमुना सुधारला जातो, परिपत्रक निघते, आणि तरी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जुनाच अर्ज विकला जात असतो. लोक तो भरून आणतात आणि परत जातात. सॉफ्टवेअरच्या साच्याचेही अगदी हेच होते. एका साच्याची नक्कल करून दहा प्रकल्प सुरू केले. सहा महिन्यांनी साच्यात दोष सापडला, तो दुरुस्त केला. त्या दहा नकलांचे काय?

म्हणून सामाईक भाग प्रत्येक प्रकल्पात नकलून ठेवू नये. तो एका जागी ठेवावा, त्याला आवृत्तीचा क्रमांक द्यावा, आणि प्रकल्पात फक्त ‘मी अमुक आवृत्तीचा साचा वापरतो’ अशी नोंद असावी. एक्लिप्स फाउंडेशनच्या ‘वेलोसिटास’ या खुल्या प्रकल्पात गाडीच्या ॲपसाठी पायथन आणि सी++ चे तयार साचे मिळतात. त्यात हीच पद्धत आहे. शिकणाऱ्याने ते जरूर उघडून पाहावेत.

आणखी एक पथ्य. साचा पहिल्याच दिवशी करायला बसू नये. पहिला प्रकल्प हाताने करावा, दुसराही हाताने करावा. दोन्हींत जे सारखे आले तेवढेच साच्यात घ्यावे. नाहीतर न लागणाऱ्या रकान्यांचा अर्ज तयार होतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

आपल्या खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तिच्यातला प्रोग्राम लिहिणारा मुलगा तीन वर्षांत नोकरी बदलतो. आठव्या वर्षी ब्रेकच्या प्रोग्राममध्ये दोष सापडला तर तो कोण, कोणत्या कम्प्युटरवर, कोणत्या कम्पायलरने बांधणार? आधीचे बिल्ड जसेच्या तसे पुन्हा काढता आले, तरच दुरुस्ती तेवढीच झाली आणि बाकी काही हलले नाही, असे छातीठोक सांगता येते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने प्रियस जातीच्या सुमारे १९ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या. हायब्रिड यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमुळे काही भाग जास्त तापून गाडी चालता चालता मंदावण्याची, क्वचित थांबण्याचीही शक्यता होती. उपाय होता नवे सॉफ्टवेअर भरणे. १९ लाख घरांतली माणसे ज्या गाडीत बसतात, तिच्यात भरायची फाइल नेमकी कुठून आली हे माहीत नसेल तर कसे चालेल? म्हणूनच आयएसओ २६२६२ हे २०११ सालचे सुरक्षिततेचे मानक प्रोग्रामबरोबर कम्पायलरसारख्या साधनांवर किती विसंबावे हेही तपासायला लावते. गाडीच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी आपल्याकडे एआयएस-१९० हे मानकही आले आहे.

आपल्याकडे नोंदलेले ट्रक आणि बसगाड्या देशभर जातात. घाटात उतरणाऱ्या त्या बसच्या ब्रेकमागे कोणाची तरी नीट बांधलेली फाइल असते. हा विषय आपल्यापासून दूर नाही.

आपली मुले आणि हे काम

आपल्याकडे समज असा की डिप्लोमावाल्याने शॉप फ्लोअरवर शिफ्ट करायची आणि सॉफ्टवेअर हे इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्यांचे. शिफ्टमध्ये कमीपणा नाही, आपल्यातल्या कित्येकांची घरे त्यावर उभी राहिली. पण दुसरे दारही उघडे आहे. पुणे आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर. तिथे कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली, वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे. पिंपरी-चिंचवडला गाड्या बनतात. १९९० साली पुण्यात सुरू झालेली केपीआयटी आज मोटारींच्या सॉफ्टवेअरचेच काम करते. अशा ठिकाणी बिल्ड सांभाळणे हे स्वतंत्र काम असते. त्याला शिस्त लागते, चिकाटी लागते, नोंदी ठेवण्याची सवय लागते. वायर, रिले, करंट हाताने हाताळलेला डिप्लोमाचा मुलगा यात मागे पडायचे कारण नाही.

साधनांना पैसे लागत नाहीत. जीसीसी कम्पायलर १९८७ पासून मोफत आहे, सीमेक मोफत, आवृत्त्या सांभाळणारे २००५ सालचे गिट मोफत, नियम तपासणारे सीपीपीचेकही मोफत. कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधल्या (आपल्या इथल्या कराडच्या, साताऱ्याच्या नव्हे) मुलांनी आणि नोकरीत असलेल्यांनीही हे करून पाहावे. नोकरी मिळेलच असे आश्वासन मी देत नाही. मुलाखतीत ‘हे मी बांधले, कोणत्याही कम्प्युटरवर बांधा, ठसा जुळेल’ असे म्हणून दाखवता येईल, एवढे मात्र नक्की.

गणपतीचे दिवस आहेत म्हणून शेवटी पेणची आठवण होते. तिथे मूर्तीचे अंग साच्यातून निघते, पण डोळ्यांची आखणी कारागीर हाताने करतो. साच्यामुळे त्याचा वेळ वाचतो आणि तो डोळ्यांना देता येतो. आपल्या मुलांच्या बाबतीतही तसेच व्हावे. फोल्डर, कम्पायलर, शिक्का यांची काळजी साच्याने घ्यावी आणि गाडीत बसलेल्या माणसाची काळजी मुलांनी घ्यावी.

पालकांना आणि कार्यकारिणीला एक विनंती. अनंत चतुर्दशीनंतर दर रविवारी सकाळी दोन तास मंडळाची खोली आम्हाला द्यावी. कोणाच्या घरी न वापरलेला, पण चालू कम्प्युटर असेल तर तो तिथे आणून ठेवावा. बोर्ड आणि दिवे आमच्याकडे आहेत. शिकायचे आहे त्या प्रत्येकाने यावे, मुलींनीही अवश्य यावे. सध्याच्या चौघांत एकही मुलगी नाही, ती उणीव भरून निघावी.

 गणपती बाप्पा मोरया!